आधी आवाज, मग फोटो, कात्री सगळ्यात शेवटी

*"ताई, साखर पेठेतलं आमचं जुनं घर गड्डा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वरांची यात्रा, संपला की सोडायचं आहे. जुळे सोलापूरला फ्लॅट घेतलाय. दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंची पत्र्याची ट्रंक उघडली. त्यांना जाऊन दोन वर्षं होतील. आत दोन चांगली इरकली लुगडी निघाली, दोन विरलेली, त्यांनी हाताने शिवलेली वाकळ, एक सोलापुरी चादर, काळेपांढरे फोटो, चिकट पानांचा रंगीत अल्बम, काचेला चिकटून बसलेला लग्नाचा फोटो आणि दोन कॅसेट. त्यांचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, त्यांच्या आवाजातली मराठी-कानडी गाणी त्या कॅसेटमध्ये आहेत म्हणतात. सासरे ८३ वर्षांचे आहेत. मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, आता कमी ऐकू येतं. मिस्टर म्हणतात, सगळं स्कॅन करून पेनड्राइव्हवर टाक आणि मोकळी हो. पुण्याच्या जाऊबाई म्हणतात, फोटो लॅमिनेट करू आणि वाकळ अर्धी अर्धी वाटून घेऊ. मुलगी दहावीत आहे, तिला लुगड्याचे तुकडे रेझिनमध्ये घालून फ्रेमा करायच्या आहेत. मला शिवण येतं, हौसही आहे. पण सुरुवात कुठून करू?"*

*— एक सून, सोलापूर*

कात्री आधी वर ठेवून द्या. मुलीच्या हाताला लागणार नाही इतकी वर.

तुमच्या घरात तिघांचे तीन उपाय आहेत आणि तिघांचीही नजर ट्रंकेवर आहे. ट्रंक कुठे पळून जात नाही. लुगडं अजून वीस वर्षं सहज टिकेल, काळापांढरा फोटो नीट ठेवला तर तुमच्या नातवंडांनाही दिसेल. पण त्या फोटोत मागे उभा असलेला टोपीवाला कोण, हे आज घरात बहुतेक एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो माणूस ८३ वर्षांचा आहे. म्हणून कामाचा क्रम वस्तूच्या मोलावरून लावू नका. आधी काय हातातून जाईल, त्यावरून लावा. सासऱ्यांची आठवण पहिली, मग कॅसेट, मग रंगीत फोटो, मग काळेपांढरे. कापड सगळ्यात शेवटी. तुमच्या हौसेला पुढे भरपूर काम देते, पण तिची पाळी नंतर.

सासऱ्यांसमोर बसून "मामा, जुन्या आठवणी सांगा ना" असं म्हणू नका. या प्रश्नाला म्हातारी माणसं "काय सांगू, गेले दिवस" एवढंच म्हणतात आणि गप्प होतात. त्यांच्या हातात एक फोटो द्या आणि बारीकसं काहीतरी विचारा. ही भिंत कुणाच्या घराची? हा सदरा कुणी शिवला? फोटो काढायला कुठल्या स्टुडिओत गेला होता, चालत की टांग्याने? ऐकू कमी येतं तर प्रश्न कागदावर ठळक अक्षरात लिहून दाखवा. आयुष्यभर साच्यांच्या खडखडाटात काम केलेल्या माणसाचे कान असे होतात, त्यात त्यांना ओशाळं वाटू देऊ नका.

दुपारी झोप झाली, चहा झाला की अर्धा तास पुरे. पंखा बंद करा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये पंखाच ऐकू येईल; आता थंडीचे दिवस आहेत, चालून जाईल. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून त्यांच्याजवळ घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाचे आवाज येणार नाहीत. सुरुवातीला तुम्ही तारीख आणि त्यांचं नाव बोलून घ्या. ते मध्येच कानडीत घसरले तर घसरू द्या, थांबवून "मराठीत सांगा" म्हणू नका. आणि ते सन चुकले तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. वर्ष नंतर पडताळता येतं, पण टोकलेला माणूस पुढे बोलत नाही.

मिलचं विचारा. भोंग्यावर घर कसं चालायचं, पाळी बदलली की स्वयंपाकाची वेळ कशी बदलायची, पगाराच्या दिवशी घरी काय यायचं. साच्यांच्या आवाजात माणसं एकमेकांशी ओठांनी आणि हाताच्या खुणांनी बोलायची. सासऱ्यांना त्या खुणा आठवत असतील तर ते व्हिडिओवर घ्या. आणखी एक गोष्ट त्यांच्या हातातून काढून घ्या: तुटलेला धागा जोडायची विणकराची गाठ. बारीक, पटकन बसणारी, ओढली की घट्ट होणारी. चेहरा नको, फक्त हातांवर कॅमेरा धरा, आणि मुलीला शेजारी बसवून ती गाठ शिकायला लावा. पुढे वाकळ शिवताना दोरा संपला की तिने हीच गाठ मारायची. रेझिनच्या फ्रेमपेक्षा ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. तिला पटेल की नाही, ते दहावीच्या वयावर सोडू.

सगळे फोटो त्यांना दाखवून झाल्याशिवाय पुढच्या कामाला हात लावू नका. प्रत्येक फोटोला नंबर द्या, वहीत तोच नंबर घालून नावं लिहा. दोन जणांची नावं कळली आणि तिसऱ्याचं नाही, तर "तिसरा माहीत नाही" असंच लिहा. अंदाजाने नाव ठोकून दिलं की पुढच्या पिढीला ते खरं वाटतं.

आता कॅसेट. माळ्यावरचा जुना टेप काढून लगेच लावून बघायचा मोह आवरा. आधी कॅसेटच्या मागच्या कडेला ज्या दोन प्लास्टिकच्या चौकोनी खिट्ट्या असतात त्या मोडा, म्हणजे चुकून कुणी लाल बटण दाबलं तरी गाणी पुसली जाणार नाहीत. मग उजेडात धरून बघा. फितीवर पांढरी बुरशी दिसली किंवा फीत दाबणारी आतली छोटी स्पंजची गादी निखळलेली असली, तर घरी वाजवू नका, जुन्या टेपचं काम करणाऱ्याकडे द्या. दोन्ही ठीक असेल तर टेपचं हेड स्पिरिटच्या कापसाने पुसून घ्या, आणि आधी एखादी फेकण्यालायक कॅसेट लावून टेप फीत खात नाही ना ते बघा. हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या ऑडिओ इनपुटला जोडली की रेकॉर्ड होतं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठच मिनिटं लागतात, घाईचा रस्ता नाही. आवाज शक्यतो वेव्ह फाइलमध्ये साठवा, नातेवाइकांना पाठवायला त्याचीच एमपीथ्री काढा. आणि गाणी वाजतील तेव्हा सासरे तिथे बसलेले हवेत. कुठलं गाणं डोहाळ्याचं, कुठलं जात्यावरचं, कानडी ओळीचा अर्थ काय, हे त्याच बैठकीत टिपून घ्या.

फोटोंबद्दल पहिली आणि ठाम गोष्ट. लॅमिनेशन नाही. गरम रूळ आणि गोंद, दोन्ही फोटोला कायमचे चिकटतात. उद्या प्लास्टिक पिवळं पडलं तर आतला फोटो सोडवता येत नाही. जाऊबाईंना लॅमिनेशनची हौसच असेल तर प्रिंट काढून देते म्हणावं, ती करा हवी तर.

तो चिकट पानांचा अल्बम मात्र खरोखर घातक आहे. पानांवरचा गोंद वर्षानुवर्षं फोटोच्या पाठीत मुरत राहतो. पण ओढून काढायच्या आधी, पानावर आहे तसाच प्रत्येक फोटो स्कॅन करा. मग जो फोटो सहज सुटतो तो घ्या. जो सुटत नाही त्याच्या कोपऱ्यातून दात साफ करायचा बारीक दोरा सरकवून, करवतीसारखा हळूहळू पुढेमागे नेत सोडवा. कोपरा वाकायला लागला तर थांबा. न सुटणाऱ्या फोटोभोवतीचं पान कापून पानासकट ठेवलं तरी चालतं.

काचेला चिकटलेला लग्नाचा फोटो कुणी कितीही आग्रह केला तरी सोडवू नका. पाणी लावून, वाफ देऊन सोडवायचे प्रयोग फोटोचा वरचा थर काचेवर ठेवून जातात. आहे तसा काचेसकट स्कॅनरवर ठेवा, किंवा खिडकीच्या बाजूच्या उजेडात, ऊन थेट न पडता, मोबाइलने काढा. काचेत तुमचंच प्रतिबिंब येतं, म्हणून मोबाइलमागे काळं कापड धरायला मुलीला उभी करा. फ्लॅश नको. छोटे फोटो स्कॅन करताना ६०० डीपीआयवर करा, म्हणजे पुढे मोठी प्रिंट काढता येते.

फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात आणि शाई पसरते. जुन्या कागदी फोटोवर मऊ शिसपेन्सिल, तीही हलक्या हाताने. रंगीत फोटोची पाठ प्लास्टिकची असल्यामुळे त्यावर पेन्सिल उमटत नाही, त्यांच्यासाठी पांढऱ्या कागदाची पाकिटं करा, पाकिटावर आधी लिहा आणि मग फोटो आत सरकवा. सेलोटेप, स्टेपलर, रबरबँड यातलं काही नको. आणि नव्या फ्लॅटमध्ये ही पेटी माळ्यावर टाकू नका. सोलापूरचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको, ४२-४३ अंशांत माळा म्हणजे भट्टी. आतल्या भिंतीच्या कपाटात, मधल्या फळीवर. कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुलिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. डांबरगोळ्या फोटोला किंवा कापडाला चिकटून नकोत.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. स्कॅन करायचंच आहे, फक्त एका पेनड्राइव्हवर विसंबून मोकळं होता येत नाही. एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर, एक क्लाउडवर, एक पुण्याला जाऊबाईंकडे. फाइलला "आयएमजी" आणि आकडे असलं नाव ठेवू नका, वहीतला नंबर आणि माणसांची नावं द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून, नुसता फोटो पाठवला की तो दाबून बारीक होतो. हे खातं मिस्टरांकडेच द्या, त्यांना काम मिळेल आणि तुमच्या डोक्यावरची भुणभुण थांबेल.

घर सोडायच्या आधी दोन कामं आहेत, तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख नाही. भैय्या चौकाजवळ चीनमध्ये रुग्णसेवा केलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर महापालिकेने स्मारक म्हणून जपलंय. आपल्या घरांच्या वाट्याला ते भाग्य येत नाही, तेव्हा आपलं आपणच बघावं. सासऱ्यांना एक मोठा कागद द्या आणि घराचा नकाशा काढायला सांगा. आत्ताचा नाही, त्यांच्या लग्नाच्या वेळचा. चूल कुठे होती, कोण कुठे झोपायचं, पाणी कुठून यायचं. हात थरथरला, रेघ वाकडी आली तर येऊ द्या, स्केल पट्टी देऊ नका.

दुसरं काम भांड्यांचं. फ्लॅटमध्ये जाताना जुनी पितळी-तांब्याची भांडी मोडीत निघतात, तुमच्याकडेही निघणार असतील. ती विकण्याआधी प्रत्येकावरचं नाव वाचा. लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव आणि बऱ्याचदा तारीखही ठोकलेली असते. कित्येक घरांत लग्नाची तारीख दुसरीकडे कुठेच लिहिलेली नसते, ती घागरीवर असते. पातळ पांढरा कागद त्या अक्षरांवर ताणून धरा आणि शिसपेन्सिल आडवी धरून हलकेच घासा. अक्षरं कागदावर उठून येतात. सगळ्या भांड्यांचे असे ठसे घ्या. एक-दोन भांडी ठेवा, बाकीची गेली तरी नावं राहतील.

हे ठसे, फोटोच्या प्रती, घराचा नकाशा आणि सासऱ्यांच्या तोंडची वाक्यं यांचा हाताने बांधलेला अल्बम करा. तुमची हौस इथे भागवा. जाडसर हातकागद घ्या. मॅट प्रिंट काढा, चकचकीत नको, बोटांचे डाग पडतात. फोटो गोंदाने चिकटवायचे नाहीत, कागदाच्या छोट्या पट्ट्या दुमडून त्रिकोणी कोपरे करा, फोटो त्यात अडकवा आणि फक्त ते कोपरे चिकटवा. चिकटवायला मैद्याची खळ उत्तम. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता शिजवायची, चकाकी आली की उतरवायची. बांधणीवाले त्यात किडीसाठी मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे, घरात नको. थोडी थोडी खळ करा आणि दोन दिवसांत संपवा. पानं शिवायला शहराच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमागवाल्याकडून उरलेल्या सुताचा कोन मिळाला तर बघा. आपल्याच गावच्या सुतात बांधलेला अल्बम होईल. फोटोखाली शीर्षकं लिहिताना आपलं शहाणपण घालू नका. सासरे म्हणाले असतील, "हा आमचा जॉबर (खात्यातला मुकादम), लई वंगाळ माणूस," तर तसंच लिहा.

मुलीला चादर द्या. कापायला नाही, उतरवून घ्यायला. आपली चादर दोन्ही बाजूंनी बघण्यासारखी असते, इकडे जो रंग नक्षीचा तो पलीकडे जमिनीचा. जॅकार्ड मागावर चढण्याआधी ही नक्षी आलेखाच्या कागदावर चौकट-चौकट रंगवून तयार होते. मुलीने उलटं जायचं, चादरीवरून आलेखावर. आलेखाची वही दहावीच्या मुलीच्या दप्तरात असतेच. एक मोर किंवा एक फूल उतरलं की तेच दसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने भरता येतं. बोर्डाच्या परीक्षेनंतर केलं तरी चालेल, चादर थांबेल. रेझिनचं म्हणाल तर ते काही वर्षांत पिवळट होतं आणि आतलं कापड पुन्हा कधी बाहेर काढता येत नाही. विरलेल्या लुगड्याचा बोटभर तुकडा तिला द्या, हट्ट पुरवल्यासारखं होईल.

चांगली दोन इरकली लुगडी जपायची म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायची नाहीत. जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळा आणि तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नवीन ठिकाणी घाला, नाहीतर घडीवर कापड चिरतं. आणि नेसा. एक तुम्ही, एक जाऊबाई, सणावाराला. नऊवारी येत नसेल तर शिकून घ्या.

वाकळ कापायची नाही. सासूबाईंनी कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्यापर्यंत घातलेला धावदोरा मध्येच कापला की दोन्ही अर्ध्यांचे टाके उसवत जातात, आणि दोघींच्या हाती चिंध्या येतात. त्याऐवजी विरलेल्या दोन लुगड्यांची नवी वाकळ शिवा. लुगडी धुऊन, खळ पूर्ण काढून वाळवा. जिथे हात लावला की फाटतं तो भाग आतल्या थरात घाला, मजबूत भाग आणि काठ वर. चार-पाच थर जमिनीवर अंथरून सुरकुत्या काढा, मधून बाहेर कच्चे टाके घाला, कडा आत दुमडा आणि मग कडेने धावदोरा धरून आत या. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा. दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा नव्या कापडाला चालतो, जुन्याला तो चिरत जातो. एका कोपऱ्यात सासूबाईंचं नाव आणि साल भरा. दोन महिन्यांत पुरी होणार नाही, होऊही नये. गड्ड्याला जाऊबाई येतील तेव्हा त्यांच्यापुढे सुई ठेवा.

जुनी वाकळ कुणाकडे राहील हे तुम्ही दोघींनी ठरवू नका, सासऱ्यांना ठरवू द्या. ती त्यांच्याही अंगावर होती. आज वापरात असेल तर ती त्यांच्याच पलंगावर राहू दे, वाटणीचा विषय आपोआप पुढे जाईल.

शेंगाची चटणीही जपायची गोष्ट आहेच, तुम्ही पत्रात तिचं नाव घेतलं नाहीत पण सोलापूरच्या सासूच्या हाताखाली शिकलात म्हणजे ती तुमच्या हातात असणार. पुढच्या वेळी कराल तेव्हा उखळात टाकण्याआधी प्रत्येक मूठ काट्यावर ठेवा आणि मुलीला ग्रॅम लिहायला सांगा. दाणे किती भाजले हे लिहून कळत नाही, त्याचा फोटो काढा.

आणि जाऊबाईंना आजच फोन लावा. लॅमिनेशन आणि वाकळ दोन्हीला नकार द्यायचा आहे, तो व्हॉट्सअ‍ॅपवर लिहू नका, बोलून सांगा. बोलताना विचारा, पुण्याच्या कपाटात त्यांच्याकडे कुठला अल्बम आहे. धाकट्या-थोरल्याच्या लग्नांचे, बारशांचे फोटो दोन घरांत विभागून गेलेले असतातच. वहीत पुढचे नंबर त्यांच्यासाठी मोकळे ठेवा, आणि येताना तो अल्बम घेऊन यायला सांगा.